लसणानं आईचा विसराळूपणा थांबेल का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: आई ६७ वर्षांची, मधुमेह १५ वर्षांचा, बीपी आहे, तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलाय. गेल्या वर्षभरात विसरायला लागली आहे. गॅसवर दूध ठेवून विसरते, तेच तेच पुन्हा सांगते. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळातून दर्शन घेऊन परत येताना एकदा महाद्वार रोडवर रस्ताच सुधरेना, ओळखीच्या दुकानदारानं घरी फोन केला. व्हॉट्सॲपवर आलं की लसणातल्या घटकांमुळं मधुमेहात मेंदूचं होणारं नुकसान थांबतं, संशोधनानं सिद्ध झालंय. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी पाच कच्च्या पाकळ्या मधात चेचून खाते. आता लसणाच्या कॅप्सूल मागवायच्या म्हणते आणि साखरेची गोळी कमी करायचा आग्रह धरून बसली आहे. गोळ्या: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज एकत्र असलेली एक गोळी दोन वेळा, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची एक आणि मेटोप्रोलोल. शुक्रवारी उपवास असतो, त्या दिवशी जरा जास्त चिडचिड करते. काय करावं?

लसूण जेवणात राहू द्या. उपाशीपोटी पाच पाकळ्या बंद करा, कॅप्सूल मागवू नका आणि लसणाच्या भरवशावर एकही गोळी कमी करू नका. गोळ्यांत बदल करावा लागेल असं मलाही वाटतंय, पण कारण वेगळं आहे. तुमच्या प्रश्नात लसणाबद्दल सगळं सविस्तर आहे आणि शुक्रवारच्या उपवासाबद्दल एकच वाक्य, तेही शेवटी. मला काळजी त्या वाक्याची वाटते. तिकडं येतो, पण आधी त्या मेसेजचं बघू, कारण आईंना समजावून सांगायचं तर तो बाजूला सारून चालणार नाही.

मेसेज पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो इतका फिरतो. लसणाची अख्खी पाकळी नाकाशी धरली तर फारसा वास येत नाही. खलबत्त्यात घालून एक दणका दिला की मात्र स्वयंपाकघर भरून जातं. पाकळीत ॲलिइन नावाचा गंधकयुक्त पदार्थ एका जागी असतो आणि ॲलिनेज नावाचं एन्झाइम दुसऱ्या जागी. पेशी फुटल्या की दोघं एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळं काढून दाखवलं. लसणाचा तिखट झणका, जंतू मारायची ताकद, सगळं मुख्यतः या ॲलिसिनचं. पण हे फार अस्थिर असतं. लगेच त्याची मोडतोड होऊन डायअलाइल डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड, अजोईन असे पुढचे पदार्थ बनतात. तुम्ही कच्चा लसूण कितीही खाल्लात तरी रक्तात ॲलिसिन म्हणून काही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी दात घासूनही तोंडाला जो वास येतो तो अलाइल मिथाइल सल्फाइडचा. तो पोटातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात आलेला असतो, त्यामुळं बडीशेप खाऊन जात नाही.

मेंदूच्या संशोधनात ज्याचं नाव येतं तो घटक यापेक्षा वेगळा आहे: एस-अलाइल सिस्टीन. तो पाण्यात विरघळतो, टिकतो, आतड्यातून चांगला शोषला जातो आणि प्राण्यांत तरी मेंदूपर्यंत पोचतो. गंमत अशी की ताज्या पाकळीत तो फार थोडा असतो. लसणाचे काप पातळ अल्कोहोलमध्ये महिनोन्‌महिने, काही पद्धतींत वीस महिन्यांपर्यंत, मुरत ठेवले की त्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे ज्या घटकाची कीर्ती ऐकून आई कच्चा लसूण चावतात, तो त्या पाकळीत जेमतेमच आहे.

आता उंदरांचं. २०१७ साली इराणमधल्या संशोधकांनी स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं औषध टोचून उंदरांना मधुमेह केला आणि त्यांना रोज हा घटक दिला. मधुमेही उंदीर वस्तू ओळखण्यात, धोका लक्षात ठेवण्यात मागं पडतात. ज्यांना हा घटक मिळाला ते कमी मागं पडले. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात, जिथं नव्या आठवणी तयार होतात, तिथली सूज आणि पेशींना गंजवणारे मुक्त कण कमी झालेले दिसले, आणि पेशींची स्वतःची संरक्षणव्यवस्था चालू करणारं एनआरएफ-२ हे प्रथिन सावरलं. काम प्रामाणिक आहे, अशी आणखीही कामं आहेत. मधुमेहात मेंदू बिघडतो त्यात सूज आणि हे मुक्त कण खरोखर भाग घेतात, त्यामुळं या दिशेनं शोध घेणं बरोबरच आहे.

पण डोस बघा. उंदराला वजनाच्या दर किलोमागं १५० मिलिग्रॅम दिलं होतं. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण सहानं भागतात. तसं भागूनही ६० किलोच्या माणसाला दिवसाला दीड ग्रॅम शुद्ध एस-अलाइल सिस्टीन लागेल. ताज्या लसणात ग्रॅममागं एक मिलिग्रॅम आहे असं अगदी सढळ हातानं धरलं तरी रोजचा दीड किलो लसूण झाला. लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानदाराला आनंद होईल, आईंच्या पोटाला होणार नाही.

दुसरी गोष्ट, तो मधुमेह वेगळा. स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारतं. आईंचा आजार टाइप दोनचा: इन्सुलिन आहे पण शरीर त्याला दाद देत नाही, सोबत बीपी, कोलेस्टेरॉल, वय आणि १५ वर्षांत झिजलेल्या बारीक रक्तवाहिन्या. उंदराला काही आठवड्यांत आजार लावून काही आठवड्यांत तपासलं जातं, त्याला ना स्टेंट असतो ना क्लोपिडोग्रेल. उंदरात मेंदू वाचवणारी आणि माणसात काहीच न करणारी औषधं ढिगानं आहेत. गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. त्याबद्दलही असेच मेसेज फिरत असत. मग अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांवर मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश रोखण्यात गिंको आणि नकली गोळी यांत फरक नाही. लसणाची मेंदूसाठी मधुमेही माणसांवर एवढी मोठी चाचणी झालेलीच नाही. ‘सिद्ध झालंय’ हे म्हणूनच चुकीचं. ‘उंदरांत आशादायक दिसलंय’ एवढं म्हणा.

माणसांत लसणानं काय होतं? उपाशीपोटीची साखर थोडी खाली येते, बीपी वाढलेल्यांचं बीपी थोडं उतरतं, असं छोट्या छोट्या चाचण्या एकत्र केल्यावर दिसतं. चाचण्यांचा दर्जा मात्र कमीजास्त आहे. कोलेस्टेरॉलबद्दल स्टॅनफर्डनं २००७ मध्ये नीट काम केलं. १९२ लोकांना सहा महिने, आठवड्यातले सहा दिवस कच्चा लसूण, दोन प्रकारच्या लसणाच्या गोळ्या किंवा नकली गोळी दिली. कच्चा लसूण रोज एका पाकळीएवढा, सँडविचमध्ये घालून. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कुणाचंच हललं नाही. तेव्हा लसूण हा चांगला भाजीपाला आहे, हलकासा फायदाही असेल. गोळीची जागा घ्यायची त्याची लायकी नाही.

आणि खरं सांगायचं तर कोल्हापुरात लसणाचा तुटवडा कधी होता? उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडून आणतो त्यात लसूण, मटणाच्या वाटणात लसूण, ठेच्यात लसूण, भडंगात लसूण. एवढ्यानं मधुमेही मेंदू वाचत असता तर माझी ओपीडी बरीच हलकी झाली असती. उलट आपल्या चटणीतलं मीठ मला खटकतं. ती वर्षभर टिकावी म्हणून त्यात मीठ भरपूर असतं, आणि भाकरीबरोबर चमचा दोन चमचे कधी पोटात गेले कळत नाही. दिवसाचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा, असावं. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना बीपीइतकं नुकसान करणारं दुसरं फार थोडं आहे. फोडणीसाठी ताजा लसूण चेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा, मग तेलात घाला. ॲलिनेज उष्णतेनं लगेच मरतं, दहा मिनिटांत त्याचं काम बरंचसं होऊन गेलेलं असतं. एवढं करा, बास.

उपाशीपोटीच्या पाच पाकळ्यांना माझा विरोध आहे तो ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलमुळं. दोन्ही गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट चिकटू देत नाहीत, म्हणून स्टेंट उघडा राहतो. लसणाचे गंधकयुक्त पदार्थही त्याच दिशेनं थोडं काम करतात. आमटीतल्या दोन पाकळ्यांनी काही बिघडत नाही. रोज पाच कच्च्या, त्यावर कॅप्सूल, शिवाय ॲस्पिरिननं आधीच नाजूक झालेलं पोट, हे सगळं एकत्र नको. हिरड्यांतून रक्त येतं का, अंगावर निळे डाग पडतात का, शौचाला काळं होतं का, हे आजच विचारा. शौच डांबरासारखं काळं असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. दात काढायचा असेल किंवा कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल तर लसूण खात होतो हे आधी सांगायचं. कॅप्सूल आठ-दहा दिवस आधी बंद करायला सांगतात. पण रक्त पातळ होतंय म्हणून घरच्या घरी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल बंद करायची नाही. ते हृदयाच्या डॉक्टरांशिवाय कुणी ठरवू नये.

लसणाचा विषय निघालाच आहे तर पायाचं सांगून ठेवतो. कुरूप किंवा भेग झाली की लसूण ठेचून त्यावर फडक्यानं बांधायची आपल्याकडं पद्धत आहे. मधुमेहानं पायाची जाणीव गेलेली असली की लसूण कातडी भाजतो आणि माणसाला कळतच नाही. सकाळी फडकं सोडलं की खाली टरारून फोड, बाजूची कातडी पांढरी पडलेली, आणि पेशंट म्हणतो ‘दुखत नाही ओ काही’. दुखत नाही हाच तर आजार. आईंच्या पायाला लसूण लावू देऊ नका.

आता शुक्रवार. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला वीस टक्के वाटा एकटा घेतो, आणि ती मुख्यतः रक्तातल्या ग्लुकोजमधून. साठा जवळजवळ नाही. साखर ७० च्या खाली गेली की कमी समजायची, ५४ च्या खाली गेली की मेंदूचं काम बिघडायला लागतं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाही. सकाळी गोळी घेतली आणि दुपारपर्यंत नुसता चहा आणि एखादं केळ, तर साखर पडणारच. वयानं किंवा मधुमेहानं किडनी मंदावली असेल तर गोळीचा असर आणखी रेंगाळतो. तरुण माणसाला अशा वेळी थरथर होते, छातीत धडधडतं, भूक लागते, तो काहीतरी खातो. आईंना मेटोप्रोलोल चालू आहे. ते थरथर आणि धडधड झाकून टाकतं. घाम मात्र झाकला जात नाही. मग बाहेरून काय दिसतं? चिडचिड, गप्प बसणं, अडखळत बोलणं, ओळखीचा रस्ता न सुधरणं. घरचे म्हणतात वय झालं.

महाद्वार रोडवर गोंधळल्या तो दिवस शुक्रवार होता का, तेवढं आठवून बघा. अंबाबाईला जायचा वार तोच. त्या दिवशी कपाळाला, मानेला घाम होता का, घरी आल्यावर काही गोड खाल्लं आणि तासाभरात सावरल्या का? उत्तर हो असेल तर त्या दिवसाला मी विसराळूपणा म्हणणार नाही.

आणि हे एका दुपारपुरतं राहत नाही. कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ मधुमेही लोकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर एवढी पडली की दवाखान्यात न्यावं लागलं, असं ज्यांच्या बाबतीत घडलं होतं त्यांच्यात पुढं स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त होतं, आणि जितक्या जास्त वेळा तितकं जास्त. उलट साखर अगदी खाली ठेवली म्हणून मेंदूला फायदा होतो का, तेही तपासून झालंय. ॲकॉर्ड नावाच्या चाचणीच्या मेंदूविषयक भागात, २०११ मध्ये, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६ च्या खाली न्यायचा प्रयत्न केलेला गट आणि ७ ते ७.९ मध्ये ठेवलेला गट यांच्या विचारशक्तीत फरक निघाला नाही. कडक नियंत्रणाचा भाग तर मृत्यू वाढल्यामुळं २००८ मध्येच थांबवावा लागला होता. म्हणून आईंच्या वयात, स्टेंट आणि विसराळूपणा असताना, मी एचबीएवनसी साडेसात ते आठच्या आसपास असली तरी समाधानी असतो. ती साडेसहा असेल तर नातेवाईक पेढे वाटतात आणि मला घोर लागतो.

या आठवड्यात ग्लुकोमीटरनं सकाळी उपाशीपोटी, दुपारी जेवणाआधी आणि एकदा पहाटे तीनला साखर मोजा. शुक्रवारी अकरा वाजता आणि चार वाजता नक्की मोजा. आई चिडल्या, घामेजल्या किंवा वेगळंच बोलायला लागल्या तर वेळ कुठलीही असो, आधी बोट टोचा. आकडे वहीत तारीख-वार घालून लिहा आणि ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडं जा. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मेडिसिन ओपीडीत गेलात तरी पहिला प्रश्न हाच येईल. ग्लिमेपिराइड कमी करायची, बंद करायची की साखर न पाडणारी दुसरी गोळी द्यायची, हे त्या आकड्यांवर ठरतं. गोळी कमी करायचा आईंचा आग्रह बरोबर ठरण्याची शक्यता आहे, फक्त कुठली आणि किती ते लसणावरून ठरत नाही.

साखर ७० च्या खाली आढळली तर काय द्यायचं, इथं बहुतेक घरं चुकतात. आपल्याकडं हात पहिला गुळाच्या डब्याकडं जातो. पण आईंच्या गोळीत व्होग्लिबोज आहे. ते आतड्यात साध्या साखरेचं, म्हणजे सुक्रोजचं, विघटन अडवतं. गूळ, साखर, पेढा, सगळं मुख्यतः सुक्रोजच. पोटात गेलं तरी रक्तात लवकर चढत नाही. घरात ग्लुकोज पावडरचा डबा ठेवा आणि तीन भरलेले चमचे पाण्यात घालून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. पावडर संपली असेल तर लसणासाठी आणलेला मध इथं उपयोगी पडेल, कारण त्यातलं ग्लुकोज आधीच मोकळं असतं. मोठा चमचाभर द्या. साखर वर आली की पोटभर खायला घाला, आणि दिवसभर लक्ष ठेवा, कारण ग्लिमेपिराइडचा असर असेपर्यंत ती पुन्हा पडू शकते. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवून सरळ दवाखाना.

साखर पडत नसल्याचं दिसलं तरी तपास संपत नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं, आणि बी-१२ कमी झालं की विसराळूपणा, पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, हे सगळं येतं. बुधवार-रविवार मटण खाणाऱ्यांतही ते कमी झालेलं मी बघतो. आईंचं बी-१२, थायरॉइड, सोडियम, क्रिएटिनिन एवढं करून घ्या. फार खर्चाचं नाही आणि यातलं काही निघालं तर सुधारता येतं. कान तपासा. जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कसं? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यात मधुमेह आणि बीपीच्या बरोबरीनं ऐकू कमी येणंही आहे. रात्री जोरात घोरतात का, मधेच श्वास अडकतो का, मन उदास असतं का, हेही डॉक्टरांना सांगा. त्यांना वाटलं तर स्मरणशक्तीची छोटी चाचणी आणि मेंदूचा स्कॅन होईल. मधुमेह आणि बीपीत पक्षाघाताचे छोटे छोटे झटके येऊन जातात आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही.

मेंदूसाठी काय करावं याचा माणसांवरचा चांगला पुरावा हवा असेल तर फिनलंडची २०१५ ची चाचणी बघा. ६० ते ७७ वयाचे १,२६० लोक, दोन वर्षं: आहार, व्यायाम, डोक्याला काम आणि बीपी-साखर-कोलेस्टेरॉलवर लक्ष, सगळं एकदम. त्यांची विचारशक्ती नुसता सल्ला दिलेल्यांपेक्षा चांगली राहिली. एकच एक पदार्थ त्यात नव्हता. आईंना रंकाळ्यावर संध्याकाळी अर्धा तास चालायला न्या, कुणीतरी सोबत असू द्या आणि खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या.

उपवास सोडा असं आईंना सांगू नका, ऐकणार नाहीत आणि तुमच्याशीही बोलायच्या बंद होतील. शुक्रवारच्या सकाळची गोळी किती आणि कुठली घ्यायची ते डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्या. दर तीन-चार तासांनी दही, ताक, शेंगदाण्याची आमटी आणि वरी, एखादं फळ असं काहीतरी पोटात जायलाच हवं. शाबूच्या खिचडीची मोठी ताटली एकदाच खाऊन दिवस काढायचा नाही. साखर आधी उसळते आणि गोळी चालूच असते. नवरात्राचे नऊ दिवस धरत असतील तर त्याच्या महिनाभर आधी हीच वही घेऊन पुन्हा भेटा. आणि अचानक तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा बोलणं बदललं, तर गाडी काढता काढता साखर मोजा, पण साखर कमी निघाली तरी दवाखान्यात जायचं थांबवू नका.